यादी हाताखाली उघडते

चुका काढायचा मला पगार मिळतो. कुणी प्रोग्रॅम लिहितं, कुणी त्याचं रंगरूप ठरवतं, आणि ते सगळं माझ्या टेबलावर आलं की मी त्यात खुसपटं काढत बसतो. म्हणून ऑफिसातली पोरं मला खुसपटकाका म्हणतात. घरी हेच काम मी फुकट करतो म्हणून बायको वैतागते, ती गोष्ट वेगळी. सांगायचं एवढंच, की कुणाचं कौतुक करणं हा माझा धंदा नाही. तरी आज चौकटताईंबद्दल सांगणार आहे, आणि सांगताना मधे कुणी बोललेलं मला चालत नाही.

चौकटताई आमच्याकडे स्क्रीन आखतात. तुम्ही कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्रॅम उघडता, तेव्हा कुठलं बटण कुठे, नाव कुठे, यादी कुठे, मधे जागा किती, हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे ताई. दिवसभर कागदावर पेन्सिलीने चौकटी काढायच्या, खोडायच्या, परत काढायच्या. म्हणून चौकटताई. मी त्यांच्याहून वयाने मोठा, पण मीसुद्धा ताईच म्हणतो, आणि त्या मला भाऊ म्हणतात.

बाई कामाची पक्की, पण कायम दमलेली. सकाळी येतानाच अशी यायची, की दिवस उरकून घरी चालली आहे असं वाटावं. केस घाईत बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी, आणि कुणी काहीही सांगितलं की तोंडात एकच शब्द, "बरं." रंग बदला. बरं. परत पहिलाच रंग लावा. बरं. मला राग यायचा. मी म्हणायचो, "ताई, एकदा तरी नाही म्हणा हो, ऐकायला बरं वाटेल." त्यावर हसायच्या, तेही अर्धवटच.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या डबा उघडायच्या नाहीत, घरी पळायच्या. घर ऑफिसपासून चालत जाण्याएवढं. घरी आई. आईला मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं थोडं जड झालं, डोकं मात्र शाबूत. व्यायाम शिकवायला येणारी बाई रोज सांगायची, की आजी, डावा हात धडधाकट आहे, त्याने चमचा धरा, जमेल हळूहळू. आजी ऐकायच्या नाहीत. डाव्या हाताने चमचा धरायचा म्हणजे त्यांना कमीपणा वाटायचा. मग सकाळी, दुपारी, रात्री ताईंनीच भरवायचं. दुपारचं भरवून ताई परत पळत यायच्या, आणि स्वतः काय खायच्या देव जाणे.

आता मालक. वयाने आमच्या पोरांएवढा, पण मालक म्हणजे साहेब. त्याच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "फक्त"ने होते. फक्त एवढं करा, फक्त दोन दिवसांचं काम आहे. म्हणून आमच्यात त्याचं नाव फक्तसाहेब.

एका मोठ्या हॉस्पिटलच्या औषध-स्टोअरमध्ये आमचा प्रोग्रॅम कित्येक वर्षं चालू होता. साधा, टेबलावरच्या कॉम्प्युटरचा, माऊसने चालणारा. वॉर्डातून चिठ्ठी आली की स्टोअरचा माणूस यादीतून औषध निवडतो, किती ताकदीची गोळी ते निवडतो, आणि डबी बाहेर देतो. हॉस्पिटलने ठरवलं, की आता टेबल नको, खुर्ची नको, काउंटरवर उभ्या टच स्क्रीन लावायच्या, माणसांनी उभ्यानेच बोटाने काम करायचं. फक्तसाहेब खूश. ताईंना बोलावून म्हणाला, "फक्त बटणं मोठी करायची, बाकी सगळं तेच."

ताई म्हणाल्या, "बरं." मी मात्र कपाळावर हात मारला.

कारण बटणं मोठी करून भागत नाही. माऊसचा बाण नुसता फिरवता येतो. बटणावर नेऊन थांबवला, की खाली पिवळी पट्टी येते आणि हे काय आहे ते सांगते. पटलं तर दाबा, नाही तर पुढे चला. बोटाला असं घुटमळता येत नाही, टेकलं की दाबलंच गेलं. माऊसला दोन कळा असतात, उजवी दाबली की जास्तीची यादी उघडते. बोटाला उजवी कळ कुठून आणणार? आणि बाण सुईच्या टोकाएवढा, बोट चांगलं जाडजूड, त्यातून स्टोअरमधल्या माणसांच्या हातात रबरी मोजे. म्हणजे अख्खं घर पाडून परत बांधायचं होतं, आणि साहेब म्हणत होता फक्त दारं रुंद करा.

ताईंनी ते घर परत बांधलं. पिवळ्या पट्ट्यांत जे लपलेलं होतं ते सगळं उघड्यावर आणलं. दोन बटणांत बोटभर जागा सोडली. औषधाचं नाव दाबलं, की शेजारीच छोटी यादी उघडायची. पाच, पन्नास, पाचशे, जी ताकद हवी ती दाबायची. टच स्क्रीन ऑफिसात एकच आलेली, तीही ताईंच्या टेबलावर बसवलेली. मोजे घालूनही चालावी म्हणून मुद्दाम दाबाने चालणारी काच घेतली होती. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हाताने काच दाबून बघायची, कागदावर खोडायचं, परत दाबून बघायचं. असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही, पण त्या दिवसांत ताईंचं "बरं"सुद्धा ऐकू येईनासं झालं.

मग माझ्याकडे तपासायला आलं. मी कसून तपासलं, हे आधीच सांगून ठेवतो. फक्त मला एक खोड आहे. काचेवर बोटांचे डाग पडलेले मला बघवत नाहीत. चष्म्यावर पडला तरी माझा दिवस खराब जातो. म्हणून मी सगळी काच पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने दाबून तपासली. दाबाची काच, रबराने पण चालते. सगळं झकास चाललं, एकही चूक निघाली नाही. मलाच थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

स्टोअर हॉस्पिटलच्या तळघरात. वर ट्यूबलाइट, खाली लोखंडी मांडण्या, मधे लांब काउंटर. तिथला कारभार एका बाईंच्या हातात. आम्ही त्यांना स्टोअरच्या बाई म्हणायचो. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, आणि नजर अशी, की आपण उगाचच खिसे चाचपावेत. चाचणीसाठी त्यांनी रिकाम्या डब्या मांडून ठेवल्या होत्या, म्हणजे चूक झाली तरी कुणाच्या पोटात काही जायचं नाही.

आणि चूक झाली. एक नव्हे, ढीगभर. माणूस औषधाचं नाव दाबायचा आणि वाट बघायचा. यादी उघडलेली त्याला दिसायचीच नाही. परत दाबायचा. तेवढ्यात पडद्यावर पाचशेची गोळी निवडलेली असायची. "मी काही केलंच नाही," एक जण म्हणाला, "हे आपोआप निवडतंय." दुसऱ्याने मोजे काढून करून बघितलं, तेच झालं. तिसरा म्हणाला, "यात भूतबित शिरलंय का बघा."

फक्तसाहेबाच्या कपाळावर घाम. तो म्हणाला, "यांना फक्त सवय नाहीये."

स्टोअरच्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "माझ्या माणसांना सवय आहे, ती चूक न करण्याची. पन्नासच्या जागी पाचशे गेली तर वॉर्डात काय होतं, ते बघायला येता का एकदा? आणखी एक संधी देते. नाही जमलं तर आमचे जुने माऊस बरे."

परतताना गाडीत फक्तसाहेब समोर बघत बोलला, "ताई, ही संधी गेली तर हे आखणीबिखणीचं काम मी बाहेरच्या कंपनीला देणार. तुम्हाला समजतंय ना मी काय म्हणतो ते?"

"बरं," ताई म्हणाल्या.

मला वाटलं, हिला समजलं नसावं. पण समजलं होतं. ऑफिसपाशी उतरल्यावर मला म्हणाल्या, "भाऊ, दुसरी नोकरी मिळेलही. पण ती लांब असेल. मग दुपारी आईला कोण भरवेल?" एवढं बोलून त्या घड्याळात बघून घराकडे पळाल्या, कारण दुपार टळून चालली होती आणि आई उपाशी होती.

नंतरचे दिवस वाईट गेले. ताई काच दाबायच्या, बरोबर चालायचं. मी पेन्सिलीने दाबायचो, बरोबर चालायचं. प्रोग्रॅम लिहिणारी पोरं म्हणायला लागली की काचच खराब आहे. नाचता येईना अंगण वाकडं! शेवटी मी म्हटलं, चला ताई, तिथेच जाऊन उभं राहू.

आम्ही दोघं बसने गेलो. स्टोअरच्या बाईंनी एक स्क्रीन आम्हाला मोकळी करून दिली आणि स्वतः हाताची घडी घालून बाजूला उभ्या राहिल्या. त्यांच्या माणसाने करून दाखवलं, पाचशे. ताईंनी करून दाखवलं, पन्नास. परत त्याने, परत पाचशे. परत ताईंनी, पन्नास.

"तुम्ही केलं की होतं, आम्ही केलं की होत नाही," तो माणूस म्हणाला. "तुमचं यंत्र तुम्हालाच ओळखतं वाटतं."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मी काउंटरच्या पलीकडे उभा होतो आणि तिथून मला हात दिसत होते. त्या माणसाचा हात उजवीकडून यायचा. नाव दाबलं, की यादी त्याच्या उजवीकडे, थोडी खाली उघडायची, म्हणजे थेट त्याच्या तळव्याखाली. त्याला ती दिसणार कशी? आणि वाट बघता बघता हात जरा टेकला, की तळव्याची कडच पाचशे दाबून मोकळी. माऊसचा हात टेबलावर असतो हो, बोटाचा हात काचेवरच असतो. आणि ताईंचा हात यायचा डावीकडून, यादी दिसायची लख्ख. माझी पेन्सिल लांबून यायची, माझ्या हाताखाली काहीच यायचं नाही. आमच्या दोघांच्या खोडी एकत्र आल्या आणि चूक मधल्यामधे बसून राहिली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधून पोट भरणारा मी, माझ्याच डोळ्यात एवढं मोठं मुसळ!

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही डावखुऱ्या आहात?"

इतकी वर्षं एका खोलीत बसतो आम्ही. चहाचा कप उजव्या हातात, माऊस उजव्या, सही उजव्या. कधी शंकाही आली नव्हती. ताईंनी आपल्या डाव्या हाताकडे असं बघितलं, की जणू त्याला चोरी करताना पकडलंय.

"नाही," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "म्हणजे, होते." आणि त्यांनी तो हात पाठीमागे नेला. मुद्दाम नव्हे, तो आपणहूनच गेला.

परतताना बसमध्ये त्यांनी सांगितलं. आई शाळेत शिक्षिका होत्या, आणि लेक त्यांच्याच वर्गात. शिक्षिकेचीच मुलगी डाव्या हाताने लिहिते म्हटल्यावर बाकीच्या पोरांना काय शिकवायचं? मग रोज घरी लिहायला बसताना आई डाव्या हाताला रुमाल बांधायच्या आणि त्याचं दुसरं टोक खुर्चीच्या पाठीला. मारलं कधीच नाही, रागावल्याही नाहीत. पुढे पुढे रुमाल लागेनासा झाला, वही उघडली की हात आपणहून मागे जायला लागला. पुढे माऊस आला, तोही सगळ्यांच्या टेबलावर उजवीकडेच असायचा.

"मग काचेवर कसा काय आला डावा?" मी विचारलं.

"पेन्सिल उजव्या हातात असते ना, भाऊ. काच दाबायला जो मोकळा असेल तो." खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या. "मला कळलंसुद्धा नाही. काचेवर बोट कसं ठेवायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं."

मी खुसपटं काढणारा माणूस, मला धीर द्यायला येत नाही. मी तिकिटाची सुरळी करत बसलो.

दुसऱ्या दिवशी फक्तसाहेबाला सांगितलं. तो टुणकन उठला. "मग झालं तर! फक्त उलटं करा. यादी डावीकडे उघडा."

"आणि डावखुऱ्यांचं काय?" ताई म्हणाल्या. "त्यांना आज उजव्यांना होतंय तेच होईल. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारू. कोणत्या हाताने काम करणार? उजवा म्हटलं तर सगळं एका बाजूला, डावा म्हटलं तर दुसऱ्या. मी आखून ठेवलंय."

"असे किती लोक असतात, ताई? दोन दोन मांडण्या म्हणजे दुप्पट काम, दुप्पट तपासणी. डावखुऱ्यांना फक्त थोडी सवय करून घ्यायला सांगू. करतातच ते."

मी ताईंच्या तोंडाकडे बघत होतो, "बरं"ची वाट बघत.

"नाही," ताई म्हणाल्या.

साहेबाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"नाही. सवय करून घेतात म्हणून करायला लावायची नाही. प्रश्न ठेवायचा नसेल तर मला काढा, ते काम बाहेर द्या. पण माझ्या हाताने मी हे असं करणार नाही." बोलताना आवाज चढला नव्हता, फक्त ओठ पांढरे पडले होते. घरची परिस्थिती मला माहीत होती. एवढी वर्षं मी म्हणत होतो एकदा तरी नाही म्हणा, आणि म्हणाल्या त्या नेमक्या तेव्हा, जेव्हा म्हणणं परवडणारं नव्हतं.

साहेब जरा वरमला, पण साहेबच तो. म्हणाला, "ठीक आहे. सोमवारपर्यंत डाव्या हाताची बाजू तपासून घ्या. तुम्ही स्वतः नाही, दुसऱ्या कुणीतरी डाव्या हाताने. काकांनी सही केली तर ठेवू. नाही तर फक्त उजवा, आणि तुमचं काय ते तुम्ही ठरवा."

आता डावखुरा माणूस आणायचा कुठून? ऑफिसात एकही नाही. स्टोअरमध्ये एक होता, पण संधी एकच उरलेली, गिऱ्हाइकाच्या माणसाला अर्धवट काम कसं दाखवणार? मला डाव्या हाताने धड जमेना, म्हणून घरी बायकोला करून बघशील का विचारलं, तर ती म्हणाली, "तुमच्या ऑफिसचं तुमच्या ऑफिसात करा." आणि तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. डावखुरा नको, ज्याचा डावाच हात चालतो असं माणूस हवं.

पोरांनी दोन्ही मांडण्या बसवून दिल्यावर रविवारी दुपारी मी कॉम्प्युटरसकट स्क्रीन चादरीत गुंडाळून ताईंच्या घरी नेली. दोन खोल्या. खिडकीशी हातांची खुर्ची, त्यात आजी. केस नीट विंचरलेले, गळ्याशी टॉवेल, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. ताई वाटीत सूप घेऊन भरवायला बसणार, तेवढ्यात मी पोचलो. त्यांनी वाटी झाकून ठेवली. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. आठवडाभर झोपच नसावी.

मी सांगितलं, "आजी, एक चाचणी घ्यायची आहे."

"कोणाची? माझी?" आजींचं बोलणं जड, पण शब्द न् शब्द कळायचा.

"यंत्राची."

"बघू तर," आजी म्हणाल्या, आणि त्यांच्यातली शिक्षिका पाठ ताठ करून बसली.

पुढ्यात टेबल ओढलं, स्क्रीन ठेवली, सुरू केली. पडद्यावर प्रश्न आला, कोणत्या हाताने काम करणार? खाली ताईंनी काढलेले दोन हात, एक उजवा, एक डावा. आजी बघत राहिल्या. मांडीवरचा उजवा हात किंचित हलला आणि तिथेच राहिला. ताईंनी सवयीने पुढे वाकून त्यांच्यासाठी दाबायला बोट नेलं.

"थांब," आजी म्हणाल्या. "मी करते."

डावा हात उचलला. बोट खूप वेळ काचेसमोर घुटमळलं. मग त्यांनी डावा दाबला.

यादी उजवीकडे उघडली, लख्ख दिसली. आजी वाचायच्या, दाबायच्या, डोळे मिचकावून परत वाचायच्या. पाच. पन्नास. बरोबर. मधेच एकदम सगळं पुसून पडदा मागे गेला. परत केलं, परत तसंच. मी खाली वाकून बघितलं. 'मागे' असं लिहिलेलं बटण ताईंनी डाव्या खालच्या कोपऱ्यात ठेवलं होतं, आणि आजींचा दमलेला हात टेकायला बरोबर तिथेच यायचा. ताई तिथे हात टेकत नसतील, म्हणून त्यांना कधी सापडलं नव्हतं.

"नापास," आजी म्हणाल्या. खरं सांगतो, त्यांना मजा वाटत होती.

ताईंनी तिथेच कीबोर्ड जोडून बटण वर नेलं. आजींनी परत सगळं पहिल्यापासून केलं. एकदा, दोनदा, कंटाळा येईपर्यंत. काही चुकलं नाही. मी खिशातला कागद काढून सही केली. सोमवारी फक्तसाहेबाने तो बघून मुकाट्याने मान हलवली, आणि पुढे स्टोअरच्या बाईंनीही "आता कसं" एवढं म्हणून पास केलं. ताईंची नोकरी आहे तिथेच आहे. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

मी चादर गुंडाळत होतो. आजींनी विचारलं, "हे दोन हात कोणाला सुचले?"

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "ताईंना. त्या डावखुऱ्या आहेत ना, म्हणून तर सगळा गोंधळ झाला."

आजींनी माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे. "ही डावखुरी नाही. लहानपणी होती. मी घालवलं ते."

"गेलं नाही, आई," ताई म्हणाल्या.

तक्रार नव्हती त्यात. कपडे वाळले नाहीत असं सांगावं, तसं सांगितलं. मी चादरीची टोकं जुळवत राहिलो.

आजी म्हणाल्या, "फार घट्ट बांधायचे का गं मी?"

"नाही गं. मऊ रुमाल होता."

आजींचे डोळे भरले. पुसायला हात नव्हता, म्हणजे होता, पण तो त्या विसरल्या होत्या. मग त्यांनी तोच डावा हात उचलला, डोळे पुसले, आणि तसाच पुढे केला.

"चमचा दे."

"सूप गार झालंय, गरम करते आणि भरवते."

"गारच दे. मी खाते."

ताईंनी चमचा हातात दिला. पहिला घोट टॉवेलवर गेला, दुसरा हनुवटीवर. ताई पुसायला उठल्या.

"बस खाली," आजी म्हणाल्या, वर्गात म्हणत असतील तशा. ताई बसल्या.

तिसरा तोंडात गेला, चौथा अर्धा. आजी घामाघूम झाल्या, पण चमचा सोडेनात. ताई शेजारच्या खुर्चीत नुसत्या बसून होत्या. हातात वाटी नाही, चमचा नाही, कुठे पळायचं नाही. हातांचं काय करावं हेच त्यांना कळत नव्हतं. थोडा वेळ त्यांनी ते मांडीवर ठेवले, मग खुर्चीच्या हातांवर. मग मान एका बाजूला कलली, आणि बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. डावा हात खुर्चीबाहेर तसाच मोकळा लोंबत होता.

मी निघतो म्हणायला तोंड उघडलं. आजींनी चमचा वाटीत ठेवला आणि डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं.

"निजू दे तिला," त्या हळूच म्हणाल्या. "दमलीये माझी पोर."

मी स्क्रीन तिथेच राहू दिली आणि चपला हातात घेऊन बाहेर पडलो.